सिद्धाप्पांचं घोंगडं, मिश्र माध्यम

मंद्रूपच्या सिद्धाप्पांचं घोंगडं हरवलं नव्हतं की चोरीला गेलं नव्हतं. ते सोलापुरात प्रदर्शनात लागलं होतं. दिवाळीनंतर एक शिल्पकार त्यांना मेंढरांजवळ बसवून दिवसभर निरखून गेला आणि जाताना "दोन दिवसांत आणून देतो" म्हणत घोंगडं घेऊन गेला. आता पौष अर्धा सरला होता आणि सिद्धाप्पा रानात पोतं पांघरून थंडी काढत होते. शेवटी बायकोनं, केराबाईनं बजावलं, "सूत मी कातलंय त्येचं. घेतल्याबिगर घरी येऊ नगा."

प्रदर्शनात शिरताच सिद्धाप्पांना सिद्धाप्पा भेटले. सिमेंटचे, पण नाक तेच, कपाळावरची खोकही तीच. खांद्यावर मात्र खरंखुरं घोंगडं. त्यांनी हात पुढे केला आणि रखवालदाराने शिट्टी फुंकली. प्रदर्शन समितीचे सचिव नंदीश धावत आले.

"आजोबा, कलाकृतीला हात लावायचा नाही."

"कलाकृती ऱ्हाऊ द्या की तुमची. घोंगडं तेवढं माजं हाय."

"होतं. आता ते मिश्र माध्यम आहे."

सिद्धाप्पांनी पुतळ्याच्या तोंडाशेजारी तोंड नेलं. "बगा की, मीच हाय ह्यो."

नंदीशनी दोन्ही चेहरे तपासले. साम्य निर्विवाद होतं आणि तीच अडचण होती. खालच्या पाटीवर 'अनाम मेंढपाळ' असं लिहिलं होतं आणि त्या अनामपणालाच परीक्षकांनी पहिलं बक्षीस दिलं होतं.

"तुम्हाला नाव आहे?"

"व्हय. सिद्धाप्पा."

"मग हा पुतळा तुमचा असूच शकत नाही."

तरीही समितीने माणुसकी सोडली नाही. अर्ज लिहून घेतला, त्यावर अंगठा घेतला. बैठक चारला होती, तोवर शहर बघून या म्हणाले. सिद्धाप्पांनी शहर पाहिलं. किल्ल्याला बाहेरून वळसा घातला, तळ्याच्या काठी बसून फडक्यातली भाकरी खाल्ली आणि चादरींच्या एका दुकानापुढे पाय थांबले.

"लई ऊब आसंल की हिला?"

"कुणास ठाऊक," दुकानदार प्रामाणिकपणे म्हणाला. "ही सत्काराची. घडी कुणी मोडतच नाही, पुढच्या सत्काराला देतात."

चारला निर्णय एकमताने झाला. घोंगडं काढल्यास मेंढपाळ उघडा पडेल आणि तमाम मेंढपाळांच्या भावना दुखावतील, सबब अर्ज नामंजूर. अर्जदाराच्या थंडीबद्दल सहानुभूतीचा ठराव मात्र मंजूर झाला. मग प्रमुख पाहुणे आले. कष्टकऱ्याच्या सन्मानावर पाऊण तास बोलून त्यांनी एक जाडजूड चादर पुतळ्याला, घोंगड्यावरूनच, पांघरली. टाळ्या पडल्या. सिद्धाप्पांना राग आला आणि रडूही आलं. आता केराबाईला काय तोंड दाखवायचं?

त्यांनी नंदीशना बाजूला घेतलं. "घोंगडं न्हाय तर न्हाय, सायेब. ती वरची चादर तरी द्या."

"ती कशी देणार? ती यांना दिली आहे," नंदीश पुतळ्याकडे आदराने पाहत म्हणाले.

तेवढ्यात तुम्ही पुढे आलात. "आजोबा, जरा सरकता का? फोटोत येताय," असं अगदी गोड आवाजात म्हणालात. सिद्धाप्पा सरकले.

फोटो छान आला. 'किती जिवंत वाटतो माणूस!' असं त्याखाली तुम्हीच लिहिलंत. उजव्या कडेला एका म्हाताऱ्याचं उघडं कोपर आलं होतं, ते स्टेटसला ठेवण्याआधी तुम्ही कापून टाकलंत.