नथीचा बंदोबस्त

वसुमतीने आजवर बोललेल्या नवसांची यादी करायची म्हटली, तर दोनशे पानी वही अपुरी पडेल. नवऱ्याच्या मुतखड्यासाठी एक, मिक्सर पुन्हा सुरू व्हावा म्हणून एक, शेजारच्या निलमबेनच्या सुनेला पोळी गोल लाटता यावी म्हणूनसुद्धा एक (तो अजून फळायचा आहे). पण दोन वर्षांपूर्वी बोललेला नवस या सगळ्यांत मोठा. लेक दीप्ती नर्स झाली आणि घराजवळ कुठे चिकटली, तर विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला सोन्याची नथ. मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी, स्वतःच्या हाताने.

देवीने आपली बाजू चोख सांभाळली. दीप्ती तलासरीच्या सरकारी दवाखान्यात लागली. नोकरी अजून कायम व्हायची होती, म्हणून तर वसुमतीला घाई. देवीने शब्द पाळावा आणि आपण दिरंगाई करावी, हे तिच्या जिवाला लागलं असतं. डहाणूच्या सोनाराकडून मोत्याची सुबक नथ करून आणली. यंदा शेवटचा गुरुवार नेमका नाताळच्या दुसऱ्या दिवशी येत होता.

इथपर्यंत सगळं छान होतं. मग पोलिसांनी सरावलीच्या त्यांच्या कॉलनीत सभा घेतली.

हवालदार रविंद्र धोडी म्हणाले, "नाताळच्या सुट्टीत लोक गावाला जातात, घरं बंद राहतात आणि चोरांचं फावतं. तेव्हा सोनं दिसेल असं ठेवू नका. कुठे काय ठेवलंय ते कुणाला सांगू नका. बेवारस वस्तू दिसली की चौकीत कळवा. आणि तुमच्यातूनच एक सुरक्षा समिती करा."

समितीचा प्रमुख कोण होणार, असं विचारताच सगळे आपापल्या चपला शोधू लागले. वसुमतीचे यजमान शांताराम त्याच वेळी पाठ खाजवायला हात वर करून बसले होते. ते एकमताने निवडून आले.

रेल्वेच्या तिकीट खिडकीमागे सव्वीस वर्षं काढलेल्या माणसाला शिट्टी मिळाली की काय होतं, ते वसुमतीने त्या आठवड्यात पाहिलं. शांतारामांनी दूधवाल्याला ओळखपत्र मागितलं. स्वतःच्या मेव्हण्याची वहीत नोंद केली आणि 'येण्याचे कारण' या रकान्यात 'जेवण' असं लिहिलं.

तिसऱ्या गुरुवारी वसुमतीने घट मांडला. तांब्याचा कलश, त्यात पाच झाडांचे डहाळे, वर नारळ, देवीचा मुखवटा, हिरवी साडी. आणि मुखवट्याला ती नथ. देवीला द्यायच्या आधी देवीनेच एकदा घालून बघावी, एवढाच भाबडा विचार. संध्याकाळी हळदीकुंकवाला वीस बायका आल्या आणि विसांनीही नथ वाकून वाकून पाहिली.

शांताराम ड्युटीवरून आले ते दारातच थिजले.

"अगं, प्रदर्शन भरवलंयस? हवालदार काय म्हणाले होते?"

"अहो, देवीच्या अंगावरचं कोण चोरेल?"

"चोराला देव ओळखता आला असता तर तो चोर झाला असता का?"

ती स्वयंपाकघरात नैवेद्याचं ताट वाढायला गेली. परत आली तेव्हा देवीचं नाक मोकळं होतं.

"सुरक्षित ठेवलीय," शांताराम म्हणाले. "कुठे ते विचारू नकोस. समितीचा नियम आहे."

"मलासुद्धा नाही सांगायचं?"

"तुला तर मुळीच नाही. तू निलमबेनला सांगशील."

(हे खरं होतं.)

आता शांतारामांनी काय केलं होतं, ते तुम्हाला सांगून टाकते. त्यांनी नथ कलशाच्या आत सोडली होती. देवीच्या पोटात हात घालायची कुणाची छाती होणार? शिवाय तळाशी जाऊन हरवू नये म्हणून डहाळ्यांच्या देठांना दोऱ्याने पक्की बांधली होती. इतका काळजीवाहू माणूस. घट महिनाभर तसाच राहतो, अशी त्यांची समजूत होती. सव्वीस वर्षांच्या संसारात दर मार्गशीर्षात शुक्रवारी पहाटेच्या गाडीने ते कामावर गेले होते, त्यामुळे गुरुवारचा घट शुक्रवारी सकाळी उतरवतात आणि पुढच्या गुरुवारी नवा मांडतात, ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती, आणि एरवी ते देव्हाऱ्याकडे फिरकतही नसत.

शुक्रवारी वसुमतीने रीतीप्रमाणे घट उतरवला. पाणी तुळशीला घातलं. डहाळे आणि फुलं डोळे मिटून, नमस्कार करून निर्माल्याच्या पिशवीत भरली. पायदळी येऊ नये म्हणून पिशवी फाटकाबाहेरच्या चिकूच्या फांदीला टांगली. रविवारी समुद्रावर जाऊ तेव्हा विसर्जन करू, म्हणाली. शनिवारी पाहते तो पिशवी नाही. कुणीतरी पुण्यवान माणूस घेऊन गेला, म्हणून तिने त्या अनोळखी जिवालाही आशीर्वाद दिला.

नाताळच्या दिवशी दुपारी शांताराम घरी आले. दीप्तीचा फोन येऊन गेला होता. सगळ्या ख्रिस्ती नर्स सुट्टीवर, त्यामुळे आज दोन माणसांचं काम एकटीवर, पण उद्या आईबरोबर देवळात यायला सुट्टी मिळाली होती.

"अहो, आता तरी नथ काढा. मला दुधाने धुऊन ठेवायचीय."

शांताराम ऐटीत देव्हाऱ्यापाशी गेले आणि तिथेच उभे राहिले.

"घट कुठाय?"

"घट? उद्या मांडायचाय."

"मागचा घट, वसू! मागचा!"

"तो शुक्रवारीच उतरवला. कलश फळीवर पालथा घातलाय बघा."

शांतारामांनी पालथा कलश सुलटा केला, आत पाहिलं, हात घातला, पुन्हा पाहिलं. मग ते जमिनीवर बसले. "डहाळे?" त्यांनी अगदी बारीक आवाजात विचारलं. "त्यातले डहाळे?"

"निर्माल्याच्या पिशवीत. चिकूच्या झाडाला टांगली होती. पण कुणीतरी नेली."

"कसली पिशवी?"

"पिवळी. साड्यांच्या दुकानातली."

शांतारामांचा चेहरा असा झाला, की वसुमतीने आधी पाण्याचा पेला आणला आणि मग कारण विचारलं.

"ती मी नेली," ते म्हणाले.

शनिवारी वसुमती बाजारात गेली असताना निलमबेन धावत आली होती. "भाऊ, झाडावर बेवारस बॅग छे! अंदरथी वायर लटकते!" वायर म्हणजे शांतारामांनी स्वतः बांधलेला दोरा. पण समितीच्या प्रमुखाने असल्या क्षणी विचार करायचा नसतो, कृती करायची असते. त्यांनी चिकू काढायच्या लांब काठीच्या टोकाला पिशवी अडकवली, तोंडाने शिट्टी वाजवत सगळी कॉलनी रिकामी करवली, पिशवी चौकीच्या अंगणातल्या वाळूच्या बादलीत नेऊन ठेवली, कागदावर सही केली आणि गाडीची वेळ झाली म्हणून पळाले. घरी बोलले नाहीत आणि कॉलनीलाही बोलू नका म्हणून बजावलं. नियम होता.

"म्हणजे माझी नथ..." वसुमती भिंतीला टेकली. "लपवलीही तुम्ही आणि धरूनही तुम्हीच दिलीत?"

"ती चौकीत आहे. म्हणजे सुरक्षित आहे. चल."

हवालदार धोडी चर्चच्या बंदोबस्तावरून नुकतेच परतले होते. त्यांनी केक पुढे केला. वसुमतीने मार्गशीर्षाचं सांगून हात जोडले.

"शांतारामभाऊ, या या! जागरूक नागरिक म्हणून तुमचं नाव साहेबांकडे पाठवलंय. पिशवीत मुद्देमाल निघाला हो! पालापाचोळ्यात बांधून ठेवलेला. सराईत चोराचं काम."

शांताराम केकचा तुकडा तोंडात धरूनच बसले.

"हवालदारदादा, ती नथ आहे," वसुमती म्हणाली. "मोत्याची."

त्यांनी वही उघडून वाचलं. "'पिवळ्या धातूची वस्तू, नग एक, पांढरे मणी असलेली.' हीच का? मग सोपं झालं. जबाब देऊन टाका. मालाचा मालक कोण?"

वसुमती विचारात पडली. गेल्याच गुरुवारी तिने हातावर पाणी सोडून संकल्प केला होता.

"विवळवेढ्याची महालक्ष्मी," ती म्हणाली.

"वसू!" शांताराम ओरडले. "माझी आहे म्हण ना!"

"दिलेली वस्तू माझी कशी म्हणू? आणि तेही गुरुवारच्या तोंडावर?"

"अगं, उद्यापुरती म्हण!"

"उद्याच तर तिला द्यायचीय."

हवालदारांचं पेन हवेतच राहिलं. पण ते कामात काटेकोर. त्यांनी जबाब शब्दशः लिहून घेतला, वाचून दाखवला आणि वसुमतीने खाली ठसठशीत सही केली.

"आता माझ्या हातात काही नाही, वहिनी," ते हळू आवाजात म्हणाले. "मुद्देमाल कोर्टाच्या हुकमानेच सुटतो. आणि कोर्टाला नाताळची सुट्टी. दोन तारखेला अकरा वाजता उघडेल. मालकाने ओळखपत्र घेऊन समक्ष हजर राहायचं."

वसुमतीने दाराच्या फटीतून आत पाहिलं. कपाटाला कुलूप, त्या खोलीला कुलूप, बाहेर बंदूक घेऊन शिपाई. अख्ख्या तालुक्यात इतकी सुरक्षित नथ दुसरी नसेल. तिला रडू फुटलं. नवस फेडायची वेळ तोंडावर आली होती आणि तिचा हात रिकामाच होता.

दुसऱ्या दिवशी ती दीप्तीला घेऊन चारोटीच्या बसने निघाली. शांताराम मागच्या सीटवर बसले, कारण शेजारची सीट तिने ओटीच्या पिशवीला दिली होती. देवळात गर्दी होती. पुढच्या बाईने चांदीचा पाळणा वाहिला, तिच्या पुढचीने भरजरी शालू. वसुमतीची पाळी आली. तिने ओटी भरली, पदराखालून जबाबाची घडी घातलेली नक्कल काढली आणि देवीच्या पायाशी ठेवली.

पुजाऱ्याने कागद उचलून पाहिला. "हे काय, बाई?"

"तिच्या नावाचं आहे," वसुमती म्हणाली. "तिला कळेल."

मग तिने डोळे पुसले, पदर खोचला, आणि अगदी आशेने, घरच्या वडीलधाऱ्या बाईशी बोलावं तसं देवीला सांगितलं, "आई, चूक आमची आहे, तुझी नाही. पण दोन तारखेला अकराच्या आत मी आधार कार्ड घेऊन कोर्टात हजर राहते. तूही ये."