ईशान्येचे झाकण

श्रीगणरायास दंडवत, कुलस्वामिनीस दंडवत, आणि भूमीखाली जे जे आहे त्यासही दंडवत. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, रविवार, प्रातःकाळ. राज्याचे नाव लिहिणे नलगे. एक बंगला, पुढे अंगण, भोवती कुंपण, इतकाच मुलूख. तेथे राजे त्र्यंबकराव राज्य करीत. राजे म्हणावयाचे, हुकूम मातोश्री अनसूयाबाईसाहेबांचा. ते दिवशी राजकन्या इरावतीची सुपारी फुटावयाची होती. व्याही मंडळी एकोणीस असामी बस करून चार तासांचा प्रवास करून बारास येणार, आणि नवाचे सुमारास वाड्यातील तिन्ही संडास एकदम तुंबले. पाणी खाली जाईना, उलट वर येऊ लागले. कन्या रडकुंडीस आली, म्हणाली, "बाबा, ती माणसे बसमधून उतरल्या उतरल्या पहिले काय विचारतील? मी तोंड कसे दाखवू?" राजे "बघतो, बघतो" म्हणाले आणि कोठेच बघेनात.

मग टाकी उपसणारे टँकरवाले सरदार चौगुले यांस तातडीने फोन गेला, आणि सरदार पंप, लांब नळी आणि दोन गडी घेऊन दहास दाखल जाहले, आणि पुसते जाहले, "टाकीचे झाकण कोठे?" मातोश्रींनी कपाटातून घराचा नकाशा काढिला आणि वदल्या, "वायव्येस. वास्तुवाले गुरुजी सांगून गेलेत, ईशान्येस टाकी म्हणजे घराचे वाटोळे. हे पाहा, कागदावर आहे." कागदावर होतेच. मग वायव्येस फरशी फोडिली आणि खणिले, तो माती निघाली, गांडुळे निघाली, कोणाची तरी चप्पल निघाली, टाकी निघेना. मग मातोश्री म्हणाल्या हातभर पुढे, तर पुढे खणिले. राणीसाहेब म्हणाल्या मागे, तर मागे खणिले. शेजारचे काका कुंपणावरून म्हणाले "डावीकडे घ्या", पण त्यांची डावी की आमची, हे कोणास कळेना, म्हणून दोहींकडे खणिले. काय तो घोळ! कोणता खड्डा आधीचा आणि कोणता नंतरचा, हे लिहिणारासही सांगता येत नाही. राजे मात्र कुदळीस हात लावीनात.

बारास पाच कमी असता सरदार घमेले पालथे घालून त्यावर बसले आणि म्हणाले, "आईसाहेब, पाण्याला वास्तू कळत नाही, उतार कळतो. आणि उतार तिकडं हाय." बोट ईशान्येस! तेथे तर मांडव घातला होता, पाट मांडिले होते, कलश ठेविला होता. मातोश्री कडाडल्या, "जीभ आवरा!" सरदार नुसते राजांकडे पाहात राहिले. राजांस घाम फुटला. इतक्यात फाटकाशी बस येऊन थडकली. कन्येने बापाचा हात धरिला, आणि मग राजे बोलिले:

"आई, टाकी तेथेच आहे. वायव्येस खडक लागला. तू म्हणालीस, ईशान्येस केलीस तर या घरात पाऊल ठेवणार नाही. मग मी नकाशा तेवढा बदलला आणि झाकणावर फरशी घातली."

"अकरा वर्षे?"

"अकरा वर्षे."

"अरे मेल्या, मी रोज तिथेच उभी राहून सूर्याला अर्घ्य देते!"

मातोश्री मटकन खाली बसल्या. सर्वांस वाटले, राज्य बुडाले. मग त्यांनी नातीचे तोंड पाहिले, आणि उठल्या, आणि कलश आपल्या हाते उचलून बाजूस ठेविला, आणि म्हणाल्या, "आधी उपसा. शास्त्र मागून बघू."

मग मांडव सरकला, फरशी फुटली, झाकण लागले. सरदारांनी ताकीद केली, "माणूस आत उतरायचा नाही, नळीच उतरेल," आणि पंप घरघरू लागला. व्याही मंडळी गाडीतून उतरून अंगणात ओठ आवळून ताटकळत उभी. व्याही वामनरावांनी "हे काय चालले?" म्हणून पुसले, काकांनी कुंपणावरून सर्व हकीकत तिखटमीठ लावून सांगितली, आणि ऐकता ऐकता वामनरावांचा चेहरा पडला. कन्येस वाटले, मोडले लग्न. वामनरावांनी राजांस टँकरचे आडोशास ओढून नेले आणि कानाशी लागले, "आमचीही ईशान्येसच आहे. आमच्या हिला ठाऊक नाही. तुम्हांला देवाची शपथ." राजांनी त्यांचे दोन्ही हात घट्ट धरिले. सोयरीक त्याच क्षणी पक्की जाहली. सुपारी मागाहून फुटली, तो केवळ उपचार.

येणेप्रमाणे टाकी रिती जाहली, एकोणीस असामी एकामागून एक मोकळे जाहले, कन्या सुस्थळी पडली. टँकरआड बोलणे जाहले ते आम्ही ऐकिले नाही, आणि ऐकिले असले तरी विहीणबाईंनी हे लिखाण वाचू नये.