मागच्या सीटवरचा नवरा

मी गाडीवर मागे बसलो. माझा गुन्हा म्हणाल तर एवढाच. मी दारू प्यायलो नव्हतो, जुगार खेळलो नव्हतो, कुणाच्या बायकोकडे बघितलं नव्हतं. स्वतःच्याच बायकोच्या मागे, हेल्मेट घालून, गुपचूप बसलो होतो.

झालं असं, की रविवारी आम्ही दोघं माझ्या आईकडे जेवायला निघालो. आईचं घर कालव्यापलीकडे आणि मध्ये तो नवा पूल. खालून नारळ वाहणाऱ्या मोठ्या होड्या जायला हव्यात म्हणून तो इतका उभा बांधलाय, की चढताना समोर रस्ता दिसतच नाही, नुसतं आभाळ दिसतं. (आभाळ बघून माझ्या मनात जे विचार येतात, ते गाडी चालवताना येणं बरं नव्हे.) आदल्याच आठवड्यात मी अर्ध्या चढावर गिअर बदलायला गेलो, गाडीसकट उलटा घरंगळलो आणि एका बाईच्या पपनसांच्या ढिगात जाऊन बसलो.

माझी बायको सुओंग मात्र रोज याच पुलावरून कोळंबीच्या कारखान्यात जाते. पावसात जाते, मागे बर्फाची पेटी बांधून जाते. निघताना तिने हात पुढे केला.

"चावी द्या. मी चालवते."

"आणि मी?"

"तुम्ही मागे बसा. पुढच्या टोपलीत मावणार नाही."

बसलो. हात कुठे ठेवायचे ते कळेना. आधी मांडीवर ठेवले, पूल लागल्यावर बायकोच्या कमरेला घट्ट धरलं आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा आम्ही पलीकडे सुखरूप उतरलो होतो आणि पुलाच्या पायथ्याशी नूडल्सची गाडी लावणारी साऊ मावशी हातातला झारा तसाच धरून माझ्याकडे बघत होती.

"सुओंग, लामला काय झालं गं?"

"काही नाही, मावशी. आईंकडे चाललोय जेवायला."

"नाही, म्हणजे मागे बसलाय तो."

"हो. मागे बसलेत."

"असू दे, नसेल सांगायचं तर नको सांगूस," मावशी मायेने म्हणाली आणि तिने फोन उचलला.

आमच्याकडे बायको नवऱ्याला मागे बसवून नेते ती एकाच ठिकाणी. इस्पितळात.

आम्ही पोचलो तेव्हा आई फाटकात रडत उभी होती. तिच्या मागे तिचे थोरले भाऊ, चिन मामा. मामांनी आयुष्यात स्वतःचा भात स्वतः वाढून घेतलेला नाही, पण घरात कुणाचं काय चुकतं हे ठरवायचं काम ते एकहाती सांभाळतात.

"कोणता हात?" आईने विचारलं.

"कसला कोणता हात?"

"लुळा पडलाय तो. साऊ म्हणाली, बायकोला धरून बसला होता, डोळेसुद्धा उघडत नव्हते."

इथे मी खरं सांगायला हवं होतं. 'आई, मला पुलाची भीती वाटते, सुओंग माझ्यापेक्षा चांगली गाडी चालवते.' सरळ, सोपं वाक्य. पण मामा माझ्याकडे रोखून बघत होते. एकदा शेजारचा मुलगा बायकोच्या मागे बसून बाजारात गेला, तर मामा त्याला वर्षभर 'वहिनी' म्हणत होते. माझ्या तोंडून निघालं, "जरा चक्कर येते हल्ली."

बस्स. मला दोरीच्या झोपाळ्यात आडवं केलं. जेवायला माहेरी आलेली माझी धाकटी बहीण क्वेन हिला पेज करायला पिटाळलं. मामांनी माझा शर्ट वर करून हिरवं तेल चोळलं आणि अंगातला वारा काढायचा म्हणून चमच्याने माझी पाठ लालभडक होईपर्यंत खरवडली. तासाभरात सगळी गल्ली संत्री आणि दुधाचे खोके घेऊन मला बघायला आली. (खोटं बोलायचं नाही, संत्री गोड होती.) सुओंग पाहुण्यांना चहा देत होती. माझ्यासमोर कप ठेवताना तो जरा जोरात आपटत होती, आणि लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर त्याचा अर्थ मला कळतो.

पाहुणे गेले आणि मामांनी मोर्चा तिच्याकडे वळवला.

"नवऱ्याची तब्येत इतकी ढासळली आणि तुला पत्ता नाही?"

"त्यांना काही झालेलं नाही, मामा."

"सकाळी काय घालतेस त्याला?"

"ते स्वतः करून घेतात. मी पहाटे कारखान्यात जाते."

सगळ्यांनी तिच्याकडे असं बघितलं, जणू ती मला उंदराचं औषध घालते म्हणाली.

आई हळूच म्हणाली, "सोड बाई आता तो कारखाना."

सुओंगने चहाची किटली खाली ठेवली. "आई, आज मी तेच सांगायला आले होते. मला बढती मिळतेय. मालाची तपासणी करणाऱ्या सगळ्या विभागाची मुख्य करणार आहेत मला. आज संध्याकाळपर्यंत होकार कळवायचाय."

हे मला आदल्या रात्रीपासून ठाऊक होतं. आम्ही दोघांनी ठरवलं होतं, की जेवण झालं, सगळे खुशीत आले, की सांगायचं.

"नवरा अंथरुणावर, आणि ही साहेब होणार," मामा म्हणाले. "लाव फोन. नाही म्हणून सांग."

मला बढती मिळाली असती, तर याच मामांनी डुक्कर कापलं असतं. माझी पाठ खरवडायला वेळ आहे, माझी पेज ढवळायला माणसं आहेत, आणि जिने आयुष्यभर बर्फात बोटं घालून हे पद मिळवलं तिला 'अभिनंदन' म्हणायला एकाचंही तोंड उघडत नाही? का, तर तिच्या नवऱ्याला चक्कर येते. तीसुद्धा खोटी.

सुओंगने माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडात पेज होती.

मी ताडकन उठलो. निदान तसा बेत होता. झोपाळा उलटला आणि मी पेजेसकट जमिनीवर आलो, पण तिथूनच बोललो.

"मला काही झालेलं नाही. चक्करबिक्कर सगळं खोटं. मला त्या पुलावर गाडी चढवता येत नाही, मला भीती वाटते. हिला येते, म्हणून मी मागे बसतो. कारखान्यात तिच्याइतकी हुशार बाई नाही, पुरुषही नाही. ती नाही म्हणणार नाही."

आईने हुंदका दिला.

"डोक्यापर्यंत गेलं हो याच्या."

"शुद्धीवरचा पुरुष चारचौघांत असं बोलेल का," मामांनी तिला समजावलं.

मी एका पायावर उभा राहिलो. पाढे म्हटले. पाणीपुरवठा कचेरीत ज्या टेबलावर मी कारकुनी करतो, त्या टेबलाच्या प्रत्येक खणात काय आहे ते सांगितलं. आईचं रडणं वाढत गेलं. शेवटी मी चिडून चावी उचलली आणि म्हणालो, "चला, चालवूनच दाखवतो."

"नका," सुओंग म्हणाली. एवढंच.

सगळे पुलाशी जमले. मी आभाळाकडे न बघण्याचा निश्चय करून निघालो. अर्ध्या चढापर्यंत माझी मान ताठ होती. मग गिअर बदलायची वेळ आली, गाडीने एक उचकी दिली, बंद पडली, आणि मी उलटा, संथपणे, सगळ्या नातेवाइकांसमोरून मागे जात साऊ मावशीच्या पालेभाजीच्या घमेल्यात बसलो.

सुओंगने मला उठवलं, माझ्या केसांतली कोथिंबीर काढली आणि ती शांतपणे गाडी पुलावर चढवून, वरून वळवून परत घेऊन आली. तिच्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

आईने तिचा हात धरला. "पोरी, घे ती नोकरी. आता याचं काही खरं नाही. घर तुलाच चालवायचंय."

"घे," मामा म्हणाले. "नाइलाज आहे."

"नाइलाज नाही," मी घमेल्याजवळून ओरडलो, "ती लायक आहे म्हणून—"

"हो रे बाळा, तू दम खा," आई म्हणाली.

परतताना मी रागाने धुमसत होतो. "तू का नाही काही बोललीस? नवरा निकामी ठरला म्हणून तुला परवानगी मिळाली. हा तुझा अपमान आहे."

"मी साऊ मावशीला सांगितलं, काही झालेलं नाही. मामांनाही सांगितलं. कुणी ऐकलं?" हेल्मेटमधून तिचा आवाज कोरडा येत होता. "तुम्ही चक्कर म्हणालात ते मात्र लगेच ऐकलं. माझ्या खऱ्यापेक्षा तुमच्या खोट्याला वजन आहे या घरात. रागवायचं असेल तर मला रागवू द्या. तुम्ही आज संत्री खाल्लीत."

पूल आला होता, मी तिची कंबर घट्ट धरली आणि डोळे मिटले.

सुओंग आता विभागाची मुख्य आहे. परवा ती कामावर गेल्यावर क्वेन एकटीच आमच्याकडे आली. मी भांडी घासत होतो. ती बराच वेळ चुळबुळत बसली. शहरातल्या एका शिवणशाळेत तिला शिकवायला बोलावलंय, पण नवरा आणि सासू जाऊ देत नाहीत.

"दादा," ती आवाज खाली आणून म्हणाली, "तुला जे झालंय, तसं आमच्या यांना व्हायला काय करावं लागेल?"

मी हात पुसले आणि तिला समोर बसवून सगळं खरं सांगितलं. मला काहीही झालेलं नाही, कधी झालेलं नव्हतं, आणि बाईने कामाला जायला नवरा आजारी असावा लागतो हाच खरा आजार आहे. चांगलं भाषण झालं. तिने शेवटपर्यंत मान डोलावत ऐकलं, डोळ्यांत पाणी आणलं आणि माझ्या कपाळाला हात लावून म्हणाली, "पेज करून ठेवू का रे थोडी?"