काकूंची नोंद काढून टाकण्याबाबत

कोणतीही संस्था माणसांवर चालत नाही, नोंदींवर चालते. नोंदी खोट्या ठरू नयेत एवढ्यासाठी माणसं रोज हजर राहतात. आमच्या पंपांच्या कारखान्यात हे तत्त्व इतकं मुरलंय की नोंद निघाली की पगार, कपाटाची किल्ली आणि फाटकाचं कार्ड आपोआप बंद होतं. माणसाला वेगळं काही सांगावं लागत नाही (निरोपाची भाषणंही वाचतात).

मी इथला प्रोग्रॅमर. गेल्या वर्षी साहेबांच्या दूरदृष्टीने जुने तक्ते गेले आणि ग्राफ डेटाबेस आला. यात प्रत्येक माणूस म्हणजे एक ठिपका आणि प्रत्येक नातं म्हणजे एका ठिपक्याकडून दुसऱ्याकडे जाणारा बाण. बाण काढण्यासाठी सर्वांकडून एकच प्रश्न असलेला अर्ज भरून घेतला: ‘काम अडलं की कोणाला विचारता?’ साहेबांचं कधीच अडत नसल्याने त्यांनी तो कोरा परत केला. कोण कोणाच्या हाताखाली, हे मात्र बाणांत धरलं नाही. तो हुकूम असतो, नातं नव्हे, असं समितीने नऊ विरुद्ध शून्य मतांनी ठरवलं.

सर्व्हरवरच्या माझ्या जावास्क्रिप्टला डेटाबेसशी बोलायचं तर मध्ये ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम लागतो. त्याच्यामार्फत सत्र उघडायचं, प्रश्न पाठवायचा, उत्तर येईपर्यंत थांबायचं, मग सत्र बंद करायचं. सुरुवातीला थांबण्याची आज्ञा लिहायला मी विसरलो, तेव्हा उत्तराऐवजी ‘उत्तर देऊ’ एवढं आश्वासन हाती येई. तीन आठवडे मी तेच वर पाठवलं. ‘समाधानकारक’ असा शेरा मिळाला.

मग काकूंची नोंद काढण्याचा हुकूम आला. काकू सुट्या भागांची खोली सांभाळतात. कुठला वॉशर कुठल्या फळीवर, हे त्यांना तोंडपाठ आहे. तोंडपाठ गोष्ट तपासणीत दाखवता येत नाही, सबब पद रद्द. काकूंची नोकरी अजून तीन वर्षं होती आणि घरी नवरा अंथरुणाला खिळलेला. मला फार वाईट वाटलं (त्यासाठी प्रपत्र नाही). मी सत्र उघडून नोंद पुसायची आज्ञा पाठवली. डेटाबेसने साफ नकार दिला: या ठिपक्याला नाती जोडलेली आहेत, आधी ती तोडा.

बाण निघाले चारशे बारा. कारखान्यात माणसं तीनशे सहा. काहींनी काकूंचं नाव दोनदा लिहिलं होतं.

सगळी नाती एका झटक्यात तोडून ठिपका पुसणारी आज्ञाही असते. ती मी सांगितली नाही (कोणी विचारली नाही).

समितीने ‘नाते-समाप्ती प्रपत्र’ काढलं. प्रत्येक बाणामागे एक, तीन प्रतींत. प्रपत्र किचकट असल्याने ते कसं भरायचं हे विचारायला लोक काकूंकडे गेले.

“अरे, इथे सही कर आणि कारणाच्या रकान्यात नुसती रेघ मार,” काकू चष्मा वर सरकवून सांगत.

शेवटच्या रकान्यात ‘कोणाला विचारून भरले’ असं होतं, आणि तिथलं नावही बाण म्हणून नोंदलं जाई. आठवड्याअखेर तुटलेले बाण एकशे नव्वद, नवे जडलेले दोनशे नऊ. एकूण चारशे एकतीस. प्रगती होती, फक्त दिशा उलटी.

साहेब भडकले. “तुझा प्रोग्रॅमच बिघडलाय. माझी नोंद काढून बघ. हलणारसुद्धा नाही!”

“नक्की ना, साहेब?”

“अरे, अख्खा कारखाना ओळखतो मला!”

अकरा मिलिसेकंद लागले. डेटाबेसने एक शब्द विचारला नाही.

नवी नोंद साहेबांच्या सहीने होते, किंवा आतल्या कोणी ओळख दिली तर. सही नोंदीबरोबरच गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटक उघडेना, तेव्हा वॉचमनने नियमाप्रमाणे विचारलं, “आत ओळखणारं कोणी आहे का?” साहेबांनी समितीच्या नऊ जणांना फोन लावले. नऊही जण बैठकीत होते. साडेअकराला काकू हात पुसत फाटकापाशी आल्या.

“अहो, घ्या त्यांना आत. उन्हात काय उभं केलंय? आपलेच आहेत ते.”

मी साहेबांचा ठिपका नव्याने घातला आणि एकच बाण जोडला, ओळख दिल्याचा, काकूंकडून साहेबांकडे. ओळख देणाऱ्याची नोंद गेली की दिलेली ओळखही रद्द होते, हा नियम साहेबांनी स्वतः उभ्या-उभ्या दोनदा वाचला. काकूंची फाइल सध्या ‘विचाराधीन’ आहे. विचाराला निदान तीन वर्षं लागतील असा समितीचा अंदाज आहे.

तुम्ही साहेबांना हसलात, हे योग्यच झालं. आता तो अर्ज तुमच्यापुढेही ठेवतो. अडल्यावर तुम्ही कोणाला विचारता, हे तुम्ही पटकन लिहाल, याची मला खात्री आहे. पण तुमचं नाव कोणी लिहिलंय का, ते जरा आठवून बघा. सावकाश बघा. अकरा मिलिसेकंद तर केव्हाच होऊन गेले.