सहावा मजला, बंद लिफ्ट आणि दोन विहिणी

झर्रर्र... थांबून... झर्र.

भर दुपारच्या शांततेत बॅगेची चेन वाजली आणि पलंगावर डोळे मिटून पडलेल्या तिनं लगेच ओळखलं: सासूबाई. आईची चेन अशी वाजत नाही. ती एका दमात, या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ जाते. सासूबाईंची मात्र चोरपावलांनी, मध्येमध्ये कानोसा घेत. फळ्याकडे तोंड करून मागच्या बाकावर कोण काय करतंय हे आवाजावरून सांगायची सवय तिला नोकरीनं लावली होती. ती पहिलीच्या वर्गाची बाई होती आणि सध्या बाळंतपणाच्या रजेवर होती.

चेनचं प्रकरण पंधरा दिवस चाललं होतं. लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी आई राहायला आली होती, आणि सुनेच्या बाळंतपणासाठी सासूबाईही आल्या होत्या. दोघी एकाच खोलीत. आई रोज सकाळी दवाखान्याची बॅग भरायची: मऊ सुती कापडं, टॉवेल, दुपटी, सगळ्यात वर तपासणीची फाईल. दुपारी आईचा डोळा लागला की सासूबाई तीच कापडं काढून मागच्या खोलीतल्या कपाटात लावायच्या. ती खोली त्यांनी बाळंतिणीसाठी झाडूनपुसून तयार ठेवली होती. कापडं एकच जोड आणि बाळंतपणं दोन ठिकाणी, त्यामुळे बिचारी दुपटी दिवसातून दोनदा प्रवास करत होती.

"विहीणबाई, बॅग आज हलकी वाटतेय हो," आई संध्याकाळी म्हणायची.

"वाळली की हलकी होतातच कापडं," सासूबाई तितक्याच गोडीनं म्हणायच्या.

आवाज चढवायचा नाही, हा दोघींमधला अलिखित करार. जे काय बोलायचं ते साखरेत घोळवून. आदल्या रात्रीही तसंच झालं.

"माझी चार बाळंतपणं घरी झाली. चारही पोरं ठणठणीत. मनगटाला नंबर बांधला नाही की कुणी पोटाला तारा लावल्या नाहीत."

"भाग्य तुमचं, विहीणबाई. मी मात्र एकतीस वर्षं प्रसूती विभागात काढली. घरून अगदी शेवटच्या घटकेला आणलेल्या बायका पाहिल्यात मी."

"तेच तर म्हणते मी! बिघडलेल्याच तेवढ्या तुमच्याकडे यायच्या. ज्यांचं घरी नीट झालं, त्या तुम्ही पाहिल्यात कुठे?"

"आणि ज्यांचं घरी नीट झालं नाही, त्या तुमच्या गल्लीत मोजल्या कुणी?"

यावर सासूबाई एकदम उठल्या आणि धुतलेलाच पेला पुन्हा धुवायला गेल्या. सामना आईनं जिंकला असं सगळ्यांना वाटलं.

नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. त्याला जगातलं सगळं लिफ्टमधूनच समजायचं. "हे बघ आई," तो सासूबाईंना म्हणाला, "लिफ्टला पाच दोर असतात. भागतं एकावर. मग बाकीचे चार कशाला? रोजच्यासाठी नाहीतच ते. एखाद्या दिवसासाठी असतात."

"माझी सून काय लिफ्ट आहे?"

"नाही गं. पण घरी दोर एकच आहे. तू."

"पुरेशी आहे मी," सासूबाई म्हणाल्या, आणि पाचच वर्षांची नात, जिला घरात सगळे वकीलसाहेब म्हणत, तिनं विचारलं, "आजी, तुझं वजन किती?"

खरं म्हणजे निकाल कधीच लागला होता. पहिल्या वेळी तिला रक्तस्राव झाला होता, चांगलाच. म्हणून डॉक्टरीणबाईंनी या खेपेला स्पष्ट सांगितलं होतं, "दवाखान्यातच. यात चर्चा नको." तिनं मान डोलावली होती. पहिल्या वेळी आठ हात धावून आले, इंजेक्शनं झाली, रक्ताच्या पिशव्या लागल्या आणि ती वाचली, हे ती विसरली नव्हती.

पण त्याआधीचे अकरा तासही ती विसरली नव्हती. नातेवाइकांना आत मज्जाव. छताचा पंखा मोजत ती एकटी पडून होती. तीन पात्यांचा पंखा अकरा तास मोजला तरी तीनच पाती भरतात. विभागाची मुख्य सिस्टर तेव्हा तिची स्वतःची आईच; निवृत्त ती नंतर झाली. दर तासाला यायची, तक्ता बघायची, "छान चाललंय" म्हणायची आणि पुढच्या खाटेकडे जायची. तो मज्जावाचा नियम आईनंच लावला होता. स्वतःच्या मुलीसाठी मोडला असता तर ती आई कसली!

म्हणून सासूबाई हळूच कानाशी येऊन "मी तुझा हात एक क्षण सोडायची नाही हो" म्हणायच्या, तेव्हा तिचा ठाम निश्चय थोडा विरघळायचा. तिला इंजेक्शनही हवं होतं आणि हातही हवा होता. या घरात ते दोन वेगवेगळ्या पक्षांकडे होते.

तर त्या दुपारी चेन वाजली. तारखेला अजून सोळा दिवस होते. नवऱ्यानं मुद्दाम सुट्टी घेतली होती. बायकोला ऐन वेळी सहा मजले उतरावे लागू नयेत म्हणून इमारतीची लिफ्ट तो आधीच तपासून, तेलपाणी करून ठेवणार होता. 'काम चालू आहे' अशी पाटी प्रत्येक मजल्यावर लावून तो सकाळीच गच्चीवरच्या मोटारीच्या खोलीत गेला होता. ब्रेक काढून झाला, साफ करून झाला, आता लावायचा राहिला होता.

आणि तिच्या कमरेतून एक कळ निघाली. पहिली कळ तिनं उसण समजून सोडून दिली. दुसरीला घड्याळ पाहिलं. तिसरीला म्हणाली, "आई."

आईनं पोटावर हात ठेवला, मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि एकतीस वर्षांचा आवाज काढला. "निघायचं. आत्ता."

वकीलसाहेब गच्चीवर धावल्या आणि बाबांना घेऊन आल्या. ग्रीसनं माखलेले हात वर धरून तो दारात उभा राहिला. "आजच? अगं सोळा दिवस होते की!"

"बाळाला कळवायचं राहिलं," ती दात आवळून म्हणाली.

"वीस मिनिटं! फक्त वीस मिनिटं दे. ब्रेक बसवतो की लिफ्ट सुरू."

तो उलट पावली गच्चीवर पळाला. घाईघाईत वाकला तेव्हा त्याच्या खिशातला फोन सुळकन निसटला आणि सात मजल्यांच्या पोकळीतून खाली गेला. बऱ्याच वेळानं 'टप्' असा आवाज आला. त्याला तो ऐकू आला नाही. तो हातोडी मारत होता.

आईनं अँब्युलन्स बोलावली. अँब्युलन्स आली आठ मिनिटांत. तिच्यातली दोन माणसं घडीची खुर्ची घेऊन सहा मजले चढून आली तेव्हा पुढचा लालबुंद झाला होता आणि मागचा पांढराफटक पडला होता. मागच्याला त्याच खुर्चीवर बसवून सासूबाईंनी पाणी पाजलं.

"जरा दम खा बाबा," त्या म्हणाल्या. "पेशंट थांबेल."

"पेशंट थांबणार नाही!" पेशंट ओरडला.

अखेर ती खुर्चीत, खुर्ची दोघांच्या हातात, पुढे आई, मागे बॅग घेतलेल्या सासूबाई आणि बॅगेचा पट्टा धरून पायऱ्या मोजणाऱ्या वकीलसाहेब, अशी ती वरात उतरू लागली. सहावा, पाचवा, चौथा. वरून हातोडीचा आवाज येत होता. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर अशी कळ आली की तिनं खुर्चीचा दांडा सोडून मागच्या माणसाचा कान पकडला.

"थांबवा!" आई म्हणाली. ती वाकली, पाहिलं, आणि जन्मात पहिल्यांदा तिचा आवाज डळमळला. "मला वाटतं... कदाचित इथंच करावं लागेल. तिसऱ्या मजल्यावरच्या ताईंचं दार वाजवते. गरम पाणी, कापडं... विहीणबाई, तुम्ही आहात म्हणा सोबतीला."

पंधरा दिवस ज्या वाक्याची सासूबाईंनी वाट पाहिली, ते वाक्य असं जिन्यात त्यांच्या पदरात पडलं. चित झालेला प्रतिपक्ष समोर उभा होता. सासूबाईंनी बॅग घट्ट धरली.

"अजिबात नाही," त्या म्हणाल्या. "खाली. दवाखान्यात."

"अहो, पण तुम्हीच..."

"मी काय म्हणत होते ते राहू द्या! हिला मागच्या वेळी रक्त गेलंय. वेळ आहे की नाही, ते नीट पाहून सांगा. घाबरून नको, सिस्टर म्हणून सांगा."

आई भानावर आली. पुन्हा वाकली, पुन्हा घड्याळ पाहिलं, तोंडातल्या तोंडात आकडे मोजले. "वेळ आहे," ती सावकाश म्हणाली. "पंचवीस मिनिटं. अर्धा तास. आई म्हणून घाबरले मी."

"मग उचला रे!"

खुर्ची उचलली गेली. सासूबाईंनी सुनेचा हात धरला आणि जिन्याच्या कठड्याला घासत तिच्याबरोबर एकेक पायरी उतरू लागल्या. दुसऱ्या मजल्यावर त्या खालच्या आवाजात, जणू पायरीला सांगावं तसं बोलल्या, "चार नव्हती गं. पाच होती."

कळ आणि ते वाक्य एकदमच आलं.

"तिसऱ्या वेळचं. दवाखाना दोन तासांवर होता. निघू-निघू करता राहिलं. नीट झाली ती चार, तेवढीच मोजायची असं ठरवलं मी. घरच्या बाळंतपणाला नावं ठेवली की ती मला लागतात गं. बाकी काही नाही. चल, पाय आवर, कठडा लागेल."

आई दोन पायऱ्या पुढे होती. तिनं मागे वळून पाहिलं नाही. फक्त रिकामा हात मागे केला, आणि सासूबाईंच्या काखेतली बॅग स्वतःकडे घेतली.

अँब्युलन्समध्ये एकाच नातेवाइकाला बसायची परवानगी होती. तिघी बसल्या. ज्या माणसाचा कान लाल झाला होता त्यानं कान चोळत दार लावून घेतलं.

"फाईल!" वाटेत आईला एकदम आठवलं. "दुपारी बॅग रिकामी झाली असेल!" तिनं चेन ओढली. झर्रर्र. आत कापडं, टॉवेल, दुपटी, सगळ्याच्या कडा जुळवून लावलेल्या. वर फाईल. मागच्या खोलीत ठेवलेला नवा साबण आणि एक जास्तीचा टॉवेलसुद्धा. आईच्या बॅगेत कधी नसायच्या त्या दोन वस्तू.

"आज काढायला नव्हते गेले," सासूबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "कालच्या तुमच्या बोलण्यानंतर झोप नाही लागली मला."

दवाखान्याच्या प्रसूती विभागाच्या दारात मोठी अडचण उभी होती. तिनं पांढरा गणवेश घातला होता आणि तिला सगळं काम आईनंच शिकवलं होतं.

"सिस्टर, तुम्ही? या ना! पेशंटला आत घेतो. तुम्ही बाहेर बाकावर बसा."

"मी आत येणार आहे."

"नातेवाइकांना आत परवानगी नाही, सिस्टर." ती भिंतीवरची पाटी दाखवत अजिजीनं म्हणाली. "खाली सही तुमचीच आहे."

आईनं पाटी वाचली. अक्षर सुरेख होतं, भाषा कडक होती, पळवाट ठेवलेली नव्हती. आईला स्वतःच्या कामाचा अभिमान वाटावा की डोकं फोडून घ्यावं हे कळेना. मग तिनं खुर्चीवर चढून पाटी भिंतीवरून काढली, उलटी करून टेबलावर ठेवली, आणि म्हणाली, "चूक झाली होती. पाच वर्षांपूर्वीच दुरुस्त करायला हवी होती."

सासूबाई वकीलसाहेबांना घेऊन बाकावर बसल्या आणि आई आत गेली. बाळ दहा मिनिटांनी झालं. मुलगा. या वेळीही रक्त गेलं, पण या वेळी सगळे तयारच होते. इंजेक्शन टोचायला हात पुढे आला तेव्हा तिच्या हातात आधीच आईचा हात होता. "छान चाललंय," आई म्हणत होती, आणि रडत होती. पंख्याला किती पाती होती हे तिनं या वेळी पाहिलंच नाही.

इकडे इमारतीत लिफ्टचं काम एकदाचं फत्ते झालं. नवरा स्वतः लिफ्टमध्ये बसून दिमाखात सहाव्या मजल्यावर उतरला आणि "चला, लिफ्ट तयार!" अशी आरोळी ठोकली. समोर कुलूप होतं. फोन करायला खिशात हात घातला तर खिशात फोन नव्हता. सवयीनं तो सहाच्या सहा मजले जिन्यानं पळत खाली आला आणि तळाला पोचल्यावर त्याला लिफ्टची आठवण झाली. दवाखान्यात पोचला तेव्हा त्याच्या हातांचं ग्रीस पाहून तिथल्या सिस्टरनं त्याला बाळाला हात लावू दिला नाही. त्यानं बाळाला कोपरानं आशीर्वाद दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीत ऊन आलं होतं. सासूबाई बाळाचं दुपटं घडी करत होत्या आणि आई तीच घडी मोडून आपल्या पद्धतीनं पुन्हा करत होती.

"विहीणबाई, तुमची घडी छानच हो."

"तुमच्या हाताखाली शिकतेय."

दोघी चहा आणायला म्हणून बाहेर गेल्या, एकमेकींना 'आधी तुम्ही' करत दारातच दोन मिनिटं अडकून. वकीलसाहेब खाटेवर चढून बाळाची बोटं मोजत बसल्या. दहा भरली. समाधान झाल्यावर त्या गंभीरपणे खाटेवरच्या आपल्या आईकडे वळल्या. पहिलीच्या तीस मुलांच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं जिच्याकडे होती, त्या बाईनं उशी नीट केली.

"आई, मोठे काका एक. आत्या दोन. बाबा तीन. धाकटे काका चार." वकीलसाहेबांनी चार बोटं मुडपली आणि उरलेला अंगठा आईसमोर धरला. "घरची आजी जिन्यात म्हणाली, पाच. मग पाचवं बाळ आता कुठे आहे?"