विझलेला दिवा

गाडीच्या समोरच्या पट्टीवरचा पिवळा दिवा विझला आणि रावसाहेबांनी गाडी दुरुस्त झाल्याचं जाहीर केलं. ऐकायला एकट्या शालनताई होत्या. त्या अंगणात वाळू पसरत होत्या, कारण गाडीखाली लालसर तेलाचं थारोळं साचलं होतं.

"खाली तेल गळतंय की अजून," त्या म्हणाल्या.

"दिवा गेला ना?" रावसाहेब म्हणाले. त्यांच्या दृष्टीने विषय तिथेच संपला होता.

गाडी त्यांच्या मुलीची, संघप्रियाची. तिने पुण्यात नवी घेतली आणि जुनी सोलापूरला आईवडिलांकडे पाठवली. गाडी ऑटोमॅटिक होती, म्हणजे गिअर आपोआप पडायचे, क्लच नव्हता, आणि रावसाहेबांचा डावा गुडघा क्लच दाबायच्या लायकीचा उरला नव्हता. सगळं झकास चाललं होतं. मग दिवा लागला, गाडी हिसके द्यायला लागली आणि गॅरेजवाल्याने गिअरबॉक्स उघडावा लागेल म्हणून सांगितलं. रावसाहेबांनी त्याला हसून नमस्कार केला आणि ऑनलाइन एक स्कॅनर मागवला.

हा स्कॅनर म्हणजे काडेपेटीएवढी डबी. ती स्टेअरिंगखालच्या सॉकेटमध्ये खोचली की गाडीला काय झालंय त्याचा कोड मोबाइलवर दिसतो. कोडखाली एक बटण असतं. ते दाबलं की कोड पुसला जातो आणि दिवा विझतो. दिव्याचं कारण मात्र जागच्या जागी राहतं. पण रावसाहेबांनी आख्खी नोकरी सरकारी कचेरीत ऑडिटच्या आक्षेपांना उत्तरं देण्यात काढली होती. आक्षेप आला की 'अनुपालन सादर, सबब मुद्दा वगळावा' असं लिहायचं, आणि मुद्दा वगळला जायचा. छप्पर गळत राही, पण गळतीचा मुद्दा निकाली निघे. या कामात त्यांचा हात धरणारा जिल्ह्यात कुणी नव्हता. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्यांना त्यांच्या तोलामोलाचं यंत्र सापडलं होतं.

मेमधल्या एका सकाळी वैरागहून फोन आला. शालनताईंचा धाकटा भाऊ अमृत झोपेतच गेला होता. भाचा सिद्धांत रडत रडत एवढंच म्हणाला, "आत्या, तू आल्याबिगर उचलणार न्हाय आमी. पण ऊन लई हाय, लवकर ये."

शालनताईंनी आकांत केला नाही. त्यांनी पांढरी साडी नेसली आणि एसटीने जाऊ म्हणाल्या. एकच भाऊ, त्याचं तोंड शेवटचं बघायचं, त्यात गाडीची जोखीम नको, असं त्यांचं म्हणणं. दारात गाडी असताना मयताला एसटीने जाणं रावसाहेबांना कमीपणाचं वाटलं. त्यांनी स्कॅनर खिशात टाकला आणि गाडी काढली.

शहर मागे पडलं आणि दिवा लागला. गाडी एकाच गिअरमध्ये अडकली आणि बैलगाडीच्या वेगाने चालू लागली. रावसाहेबांनी ती बाजूला घेतली, कोड पुसला, गाडी पुन्हा धावली. थोड्या अंतरावर दिवा परत लागला. त्यांनी परत पुसला. मधे सिद्धांतचा फोन आला, तेव्हा अर्ध्या वाटेवरचं वडाळा गावही अजून यायचं होतं आणि रावसाहेबांनी वैराग जवळ आल्याचं ठोकून दिलं. दर फोनला ते पोचतच आलेले असायचे. तिकडे लोकांनी हार आणले, पाणी तापवलं, बौद्धाचार्य येऊन बसले आणि सगळे रस्त्याकडे डोळे लावून राहिले.

वडाळ्याच्या पुढे गाडी पार मंदावली. रावसाहेबांनी ती रस्त्याच्या कडेला, पण बरीचशी रस्त्यावरच, उभी केली. आता वरवरचं पुसून भागणार नाही हे त्यांनी ओळखलं. स्कॅनरच्या ॲपमध्ये खोल कुठेतरी एक पर्याय होता, गिअरबॉक्स चालवणाऱ्याच्या सवयींवरून आजवर जे शिकला ते सगळं विसरायला लावणारा. एवढ्या वर्षांच्या सवयी एका दमात साफ होणार म्हणून ते खूश झाले. या कामाला इंजिन बंद आणि चावी चालू ठेवावी लागे, आणि उकाडा असल्याने त्यांनी पंखाही चालू ठेवला. मोबाइलवर टक्के सरकत राहिले. शालनताई बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत उभ्या राहून जाणाऱ्या एसट्यांना हात करत होत्या. लगीनसराई असल्याने एसट्या गच्च भरलेल्या होत्या, एकही थांबली नाही.

शंभर टक्के झाले. एकही कोड उरला नाही. रावसाहेबांनी चावी फिरवली, तर बॅटरी उतरलेली. इंजिन चालू होईना, आणि गिअरचा दांडा पार्किंगमध्ये जो अडकला तो हलेना.

शेजारच्या रानातली चार माणसं आली. आपल्याकडे बंद गाडी दिसली की माणूस आधी खांदा लावतो, मग विचारपूस करतो. त्यांनी खांदे लावले. पार्किंगमध्ये अडकलेली ऑटोमॅटिक गाडी अशी ढकलली जात नाही हे त्यांना माहीत नव्हतं, आणि रावसाहेबांना माहीत होतं पण सांगायचा धीर होत नव्हता. माणसं घामाघूम झाली. गाडी तसूभर सरकली नाही.

तेवढ्यात सोलापूरकडून एक टेम्पो आला. पुढचा रस्ता अडलेला बघून ड्रायव्हरने मान बाहेर काढली.

"जरा बाजूला घ्या की, पावनं. अर्जंट हाय. वैरागला ही पेटी पोचवायचीय."

टेम्पोत काचेच्या झाकणाची लांबलचक पेटी होती, प्रेत ठेवायची, थंड होणारी.

"कुणाच्यात?" शालनताईंनी विचारलं.

"अमृत म्हणून कोण हायेत त्यांच्यात. सकाळधरनं मयत झाकून ठिवलंय. त्येंची कुनी भईन हाय, ती येतो येतो म्हणतीया आन् पोचंना झालीया. उन्हात टिकंना, म्हणून पेटी मागवली."

रानातली माणसं गाडीवरचे हात काढून बाजूला झाली.

"ती भईन मीच," शालनताई म्हणाल्या.

ड्रायव्हरचं नाव मल्हार. त्याने शेजारच्या सीटवरचं वायरचं भेंडोळं उचलून मागे टाकलं. पुढे एकालाच जागा होती. रावसाहेब मागे चढले आणि पेटी हलू नये म्हणून तिला दोन्ही हातांनी धरून उन्हात बसले. त्यांना लाज वाटत होती, आणि ती पुसायला कुठे बटण नव्हतं.

टेम्पो वैरागात शिरला. पेटीला मिठी मारून बसलेला, घामाने निथळणारा माणूस बघून बायांनी नव्याने हंबरडा फोडला. पेटी उतरवायची गरज पडली नाही, कारण जिच्यासाठी थांबायचं ती बहीण पेटीबरोबरच आली होती. शालनताईंनी भावाचं तोंड बघितलं. उन्हाने चेहरा थोडा बदलला होता. त्यांनी पदराने त्याचं कपाळ पुसलं, आणि मगच त्या रडल्या.

सगळं उरकल्यावर मांडवात सिद्धांत रावसाहेबांना सांगू लागला, "आठ दिवस बाबांच्या छातीत दुखायचं, मामा. पित्ताची गोळी घ्यायचे. थांबलं की म्हणायचे, गेलं बघ. दवाखान्याचं नाव काढलं की चिडायचे."

लोक हळहळले. इतकं शिकलेला माणूस असं कसं करतो, असं कुणीतरी म्हणालं. त्यावर सगळ्यांनी माना हलवल्या. रावसाहेबांनी हलवली नाही.

संध्याकाळी मल्हारला रिकामी पेटी घेऊन परत जायचंच होतं. रावसाहेब मागे चढायला गेले आणि एक पाय वर ठेवून तसेच थांबले.

"शालन," ते म्हणाले, "माझा पण डावा हात भरून येतोय. बरेच दिवस झाले. छाती पण दाबल्यासारखी होते. गोळी घेतली की थांबतं, म्हणून बोललो नाही."

शालनताईंना त्या क्षणी नवऱ्याचा एवढा राग आला की रडू आलं नाही. त्यांनी त्यांना दंडाला धरून पुढच्या सीटवर बसवलं आणि स्वतः मागे पेटीजवळ बसल्या. मल्हारला म्हणाल्या, कुठं थांबू नको, थेट मोठ्या दवाखान्यात घे. मल्हारने टेम्पो असा हाणला की वाटेत उभी असलेली गाडी रावसाहेबांना दिसलीसुद्धा नाही.

दवाखान्याच्या गेटवर रखवालदाराने पेटी बघितली, डोक्यावरची टोपी काढली आणि आवाज खाली आणून म्हणाला, "मागच्या गेटनं घ्या. शवागार तिकडं हाय." मल्हारने सवयीने रिव्हर्स टाकलासुद्धा.

"थांबा," रावसाहेबांनी खिडकीतून हात बाहेर काढला. "पेशंट मी आहे. मला दुखतंय."

रखवालदाराने त्यांच्याकडे बघितलं, मग मागे बघितलं.

"आन् पेटीत?"

"रिकामी हाय," मागून शालनताई म्हणाल्या. "आन् तशीच न्यायचीय. फुडचं गेट उघडा."