गोंद निवड उपसमितीचे कार्य

जी वस्तू खाली ठेवता येते तिच्याबद्दल माणसं फारसं बोलत नाहीत; जी वर चिकटवावी लागते तिच्याबद्दल मात्र प्रत्येकाचं ठाम मत असतं, आणि ते मरेपर्यंत टिकतं. वस्तू तेवढी टिकत नाही.

इंग्लंडात नॉरफोकातल्या ऑटर्स रीच बोट क्लबाने हे सत्य फार निष्ठेने जपलं होतं. क्लबाच्या धक्क्याला त्रेचाळीस बोटी. सगळ्या फायबरच्या, छोट्या केबिनच्या, तिशी उलटलेल्या. अशा केबिनच्या छताला आतून अस्तर असतं: वर रेक्झिन, मागे फोमचा पातळ थर. पंचवीसेक वर्षांनी त्या फोमची नारिंगी भुकटी होते आणि रेक्झिन झोळीसारखं खाली उतरतं. क्लबाच्या पाहणीनुसार एकतीस बोटींची अस्तरं लोंबत होती, नऊ बोटींत छत्री किंवा वल्ह्याचा टेकू होता, आणि उरलेल्या तीन मालकांचं म्हणणं होतं की त्यांची बोट मुळातच तशी बनवली आहे. (या तिघांना दरवर्षी कार्यकारिणीवर घेतलं जाई.)

यावर उपाय म्हणून गोंद निवड उपसमिती नेमलेली होती. तिचे निमंत्रक लेनर्ड गॉट्स. रस्ते खात्यातून निवृत्त झालेला, सज्जन, टापटिपीचा माणूस. सात वर्षांत त्याने अठ्ठावीस गोंदांचा अभ्यास केला होता आणि एकही डबा उघडला नव्हता, त्यामुळे त्याच्या निष्पक्षपणावर बोट ठेवायला जागा नव्हती. त्याच्या स्वतःच्या ‘पर्ल’ बोटीचं अस्तर झोपल्यावर नाकाला टेकत असे. त्याची बायको पॉलीन भुकटीपायी पोहण्याचा चष्मा लावून झोपायची.

मे महिन्यातल्या एका सोमवारी क्लबात थर्टलबाई आल्या. एड्ना थर्टल, वय एकसष्ट, तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघराच्या मुख्य. नवरा गेल्यावर त्याची बोट त्यांच्याकडे आली होती. त्यांची बहीण म्यूरिएल छातीच्या ऑपरेशनमधून नुकती उठली होती. तिला पंधरा दिवस नदीवर राहायचं होतं आणि डॉक्टरांनी एकच अट घातली होती: धूळ नको.

“गॉट्स,” बाई म्हणाल्या, “छताला कुठला गोंद लावू?”

कुणीतरी कप बशीत ठेवला. सात वर्षांत हा प्रश्न उत्तर मिळवण्यासाठी कुणी विचारलाच नव्हता.

उपसमितीची तातडीची बैठक दहा दिवसांनी भरली. सदस्य बन यांचा फवाऱ्याच्या गोंदावर विश्वास होता. सदस्य अटिंग यांचा कशावरच नव्हता. सबब त्यांनी चर्चेपूर्वीच आपलं भिन्नमत लेखी दिलं. उन्हात फायबरचं छत किती तापतं, हा मूलभूत मुद्दा पुढे आला. तो सोडवण्यासाठी पॉलीनचा मुरंब्याचा थर्मामीटर मागवण्यात आला. त्या दिवशी ऊन नव्हतं. बैठक ऊन पडेपर्यंत तहकूब झाली. (नॉरफोकात हा काही थोडाथोडका काळ नव्हे.)

“माझ्याकडे अकरा दिवस उरलेत,” थर्टलबाई म्हणाल्या.

“बाई, आम्ही सात वर्षं थांबलोय,” लेनर्ड समजुतीने म्हणाला. “तुम्हाला अकरा दिवस दम धरवत नाही?”

“अहो, चारशे पोरांना मी बाराच्या ठोक्याला वाढायची. तुमच्यासारखी उपसमिती नेमली असती ना, तर आज ती पोरं पेन्शन खात असती. तीही उपाशीपोटी.”

दुसऱ्या दिवशी बाईंनी नाकातोंडावर मास्क चढवून जुनं अस्तर एका हिसक्यात ओढून काढलं. मग चार दिवस त्या छत खरवडत होत्या. कणीक खरवडायची पाती, तारेचा ब्रश, शेवटी ओलं फडकं. संध्याकाळी त्या बाहेर येत तेव्हा गाजराच्या किसात घोळल्यासारख्या दिसत. उपसमितीने या खरवडण्याची नोंद घेतली नाही, कारण तो विषय तिच्या कक्षेत येत नव्हता.

पाचव्या दिवशी त्या गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात गेल्या आणि गल्ल्यावरच्या मुलीने दिलेला डबा आणि नवं अस्तर घेऊन आल्या. डब्यामागच्या सूचना त्यांनी वाचल्या. (क्लबाच्या इतिहासात याला दुसरं उदाहरण नाही.) खिडक्या सताड उघडल्या, गोंद छतालाही लावला आणि अस्तरालाही, बोटाला लागेनासा होईपर्यंत थांबल्या, आणि मधून कडेला लाटणं फिरवत अस्तर दाबून बसवलं. दीड दिवसात काम झालं. गोंदाचा वास जायला केबिन तीन दिवस उघडी ठेवली. सोमवारी म्यूरिएल आली, आडवी झाली, वर बघितलं आणि म्हणाली, “किती छान. काहीच नाहीये.”

उपसमितीने रीतसर पाहणी केली. बन यांनी छताला बोट लावून पाहिलं.

“चिकटलंय,” ते म्हणाले.

“सध्या,” लेनर्ड म्हणाला.

इतिवृत्तात लिहिलं गेलं: ‘अस्तर तूर्त पडलेले नाही. कारणांचा शोध चालू आहे.’

जुलैत खरंच ऊन पडलं. उपसमिती समोरच्या गवतावर खुर्च्या टाकून बसली, आणि तिन्ही सदस्य थर्टलबाईंच्या केबिनकडे डोळे लावून राहिले. थर्मामीटर पुरेसा चढला. अस्तर उतरलं नाही. अटिंग यांनी हा हट्टीपणा असल्याचं मत नोंदवलं.

त्याच आठवड्यात पॉलीनने उशी काखेत मारली.

“कुठे निघालीस?”

“एड्नाकडे झोपायला. तिच्याकडे छत वर असतं.”

“पण पॉलीन, ते चुकीच्या गोंदाने वर आहे!”

“असू दे. मी खालूनच बघते.”

लेनर्ड एकटा उरला. सकाळच्या चहात नारिंगी भुकटी तरंगे. पंधरा दिवसांसाठी आलेली म्यूरिएल अजून मुक्कामालाच होती; पलीकडच्या बोटीतून तीन बायकांचं हसणं ऐकू येई, आणि त्यातलं एक हसणं त्याने कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. पहिल्या दिवशी त्याने गोंदांच्या फायली नीट लावल्या. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा लावल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी तो थर्टलबाईंच्या बोटीपाशी जाऊन टोपी हातात घेऊन उभा राहिला. आत केक कापणं चाललं होतं. पॉलीनने वर पाहिलं नाही.

“बाई,” तो खाली बघत म्हणाला, “खरवडायला किती दिवस लागले?”

सुरी थांबली.

“चार,” थर्टलबाई म्हणाल्या. “हे विचारणारे तुम्ही पहिलेच. पाती त्या फळीवर आहे. धुवून परत आणा.”

लेनर्डला सहा दिवस लागले, कारण त्याची सवय गेलेली होती. सातव्या दिवशी पॉलीनने, न बोलावता, येऊन अस्तराचं दुसरं टोक धरलं. “मधून कडेला,” ती म्हणाली. “लाटणं दे इकडे.” त्या रात्री ती चष्म्याशिवाय झोपली.

आता अडचण एवढीच उरली, की चौकशी अपुरी असताना निमंत्रकाचंच छत वर असणं औचित्याला सोडून होतं. त्यामुळे बैठक ‘पर्ल’वर असली की लेनर्ड जुनं रेक्झिन टाचण्यांनी नव्या छताखाली टांगतो. सदस्य डोकी वाकवून आत येतात, लोंबत्या अस्तराकडे आदराने पाहतात आणि कामकाजाला सुरुवात करतात. ते गेले की पॉलीन टाचण्या काढून डबीत ठेवते. उपसमितीचं हे सोळावं वर्ष आहे. थर्टलबाईंचं अस्तर तूर्त पडलेलं नाही.

आता, वाचकहो, चार दिवसांच्या खरवडण्याबद्दल तुम्हाला काहीही विचारायचं नाही, हे आम्ही जाणतो. तुम्हाला हवं आहे ते डब्यावरचं नाव. ते देता येत नाही. पण ज्या अर्थी तुम्ही ते विचारलंत, त्या अर्थी उपसमितीवर तुमची निवड बिनविरोध झाली आहे. पुढची बैठक ऊन पडल्यावर.